दाब, धर, सोड

रॉकेल मिळायला दोन दिवस गेले. पूर्वी निपाणीत ते कुठल्याही किराणा दुकानाच्या मागच्या बाजूला पिंपात असायचं. शेवटी संकेश्वरच्या एका ओळखीच्या माणसानं अर्धी बाटली आणून दिली.

"आता कशाला पायजे वो आक्का रॉकेल?" त्यानं विचारलं.

"खंडेनवमी आहे," मी म्हटलं. त्याला तेवढं पुरलं.

आप्पा, माझे वडील, श्रावणात गेले. रस्ता रुंद होणार आहे, त्यात गॅरेजची जागा जाणार आहे. हत्यारांची एक शेवटची पूजा करावी आणि मग ज्याला जे हवं ते देऊन टाकावं, एवढ्यासाठी बेळगावच्या खासबागेतलं माझं घर बंद करून मी इथे आले. पत्र्याचं दार ढकललं. आत अजून तोच वास होता. वंगणाचा, जळक्या रबराचा, आणि शेजारच्या वखारीतून भिंतीत मुरलेल्या तंबाखूचा. वास नाकात शिरला आणि माझा डावा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला.

ही माझी जुनी सवय. बस सुरू झाली की, रिक्षा चौकात थांबली की, कधी कधी ग्रंथालयात खुर्चीत नुसती बसलेली असताना सुद्धा, माझा डावा पाय खाली काहीतरी दाबून धरतो. शेजारी बसलेल्याला वाटतं, बाईला पोटरीत गोळा आलाय.

आमचं गाव तंबाखूचं. थंडी सरता सरता पानांनी लादलेल्या गाड्या वखारीपुढे रांगेनं उभ्या राहायच्या आणि गावभर शिंका सुरू व्हायच्या. शाळेत गुरुजी शिंकायचे, देवळात पुजारी शिंकायचा, पाळण्यातलं पोर शिंकलं की बायका म्हणायच्या, "झालं, निपाणीकर झालं." वखारीतल्या बायका तोंडाला फडकं बांधून संध्याकाळी घरी निघाल्या की त्यांच्या मागून तो तिखट वास लांबपर्यंत चालत जायचा. आमचं गॅरेज हमरस्त्याला लागून होतं. वखारीची काळ्या दगडाची उंच भिंत हीच गॅरेजच्या अंगणाची एक बाजू. उन्हाळ्यात दुपारी ती भिंत सावली द्यायची. अण्णा तिथे पोतं अंथरून जेवायचा. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आप्पांच्या हाताखाली तयार झालेला. गाडी रस्त्यावरून गेली की न बघता तिचं दुखणं सांगायचा.

ती गाडी आली तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. बेळगावच्या कॅम्पात राहणारे एक निवृत्त मेजर ती घेऊन आले. विलायती, जुनी, दोनच माणसांची, कापडी टपाची. तळ्यातल्या शेवाळासारखा गडद हिरवा रंग. इतकी बुटकी, की आत शिरताना माणूस अर्धा वाकायचा आणि अर्धा पडायचा.

"ह्यात बसायचं न्हाय," अण्णा म्हणाला, "घंगाळात उतरल्यागत उतरायचं."

त्या दिवसापासून तिचं नाव घंगाळ पडलं. मेजरसाहेबांच्या समोर सुद्धा. ते हसायचे. त्यांना दुसरं कुणी नव्हतं, ती गाडी होती.

तिचं दुखणं विचित्र होतं. मेजरसाहेब सांगायचे, "तवंदी घाट चढून आलो की पुढे बैलगाड्या आडव्या येतात. मी क्लच दाबून थांबतो. गाडी गिअरमध्ये असते. पाय पूर्ण खाली असतो, आणि तरी ती हळूच पुढे सरते. जणू तिचं तिनं ठरवलंय."

अण्णा गाडी बाहेर काढायचा, तापवायचा, क्लच दाबून उभा राहायचा. काही नाही. शहाण्या मुलीसारखी उभी. मेजरसाहेब घरी पोचायचे आणि पुन्हा चिठ्ठी यायची, काल परत सरली.

"मालकाचा पाय जड झालाय," आप्पा तपकिरीची चिमूट नाकाशी नेत म्हणायचे. "गाडीला काय झालं न्हाय."

"मग तुमी जावा की तिच्यासंगट बेळगावला," अण्णा म्हणायचा.

"मला न्हाय जमायचं त्या घंगाळात. माझी आंघोळ झाल्या."

मी तेव्हा बेळगावला कॉलेजात होते, मावशीकडे राहत होते, शनिवार-रविवार आणि दसरा-दिवाळीच्या सुट्टीत घरी यायची. मेजरसाहेबांनी त्या गाडीचं पुस्तक दिलं होतं. जाड, निळ्या पुठ्ठ्याचं, इंग्रजीत. आप्पांना चौथीपर्यंतचं मराठी यायचं, अण्णाला इंग्रजी अक्षरं लागायची पण वाक्यं लागायची नाहीत. म्हणून मी वाचायची. पावसाच्या दिवसांत पत्र्यावर सरी वाजत असायच्या, मी उलट्या टायरवर बसून मोठ्यानं वाचायची आणि एका दोनशे पानी वहीत मराठी करून लिहायची. काय करावं, काय करू नये, असे दोन रकाने पाडले होते. अक्षर वळणदार काढायची. कुणी न मागता दिलेली गोष्ट आपण सुंदर करतो, तसं.

"काय म्हणतंय पुस्तक, मास्तरीणबाई?" अण्णा गाडीखालून विचारायचा.

"अकरा कारणं दिल्यात."

"अकरा! आप्पांकडं एकच हाय. मालकाचा पाय."

त्यांनी एकेक कारण घेतलं. चिंचेच्या फांदीला साखळी बांधून इंजिन वर काढलं, क्लचची प्लेट बदलली. दुखणं तिथेच. तो क्लच नळीतल्या तेलाच्या दाबावर चालायचा; त्या तेलाच्या खालच्या सिलिंडरचं रबर बदललं. तिथेच. दांडी लांब केली, आखूड केली. आणि पुन्हा पुन्हा नळीतली हवा काढली. हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली झोपून छोटा बोल्ट सैल करायचा. आतला माणूस नेहमी मीच.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

खालून तेल फसफसून बाहेर यायचं, मग पान्याचा किर्र आवाज.

"सोड."

मग मी पाय उचलायची. त्याची आज्ञा आल्याशिवाय कधीच नाही. आधी सोडलं तर हवा परत आत जाते, सगळी मेहनत वाया. असं आम्ही किती वेळा केलं असेल, मोजदाद नाही. त्या पावसाळ्यात मला अण्णाचं तोंड फार दिसलंच नाही. गाडीखालून येणारे ते तीन शब्द, आणि चिखलात रुतलेल्या त्याच्या टाचा.

भाद्रपदात आप्पांनी सुद्धा हार मानली. आता एकच जागा उरली होती. पेडलच्या पुढे, बॉनेटखाली बसलेला वरचा सिलिंडर. त्यात बोटाच्या पेरापेक्षा लहान रबरी कप असतात. ते मुंबईहून मागवले. पार्सल आलं ते नवरात्रात.

"आत्ताच बसवू," अण्णा म्हणाला.

"खंडेनवमी तोंडावर आणि नवं सामान बसवतोस? आधी पूजंत ठेव. मग बसव," आप्पा म्हणाले. आमच्याकडे तशी रीतच होती. त्या दिवसांत आलेलं कुठलंही सामान पूजेतून गेल्याशिवाय गाडीला लागायचं नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दुपारी हत्यारं धुणं हे लहानपणापासून माझं काम. मोठ्या ट्रेमध्ये रॉकेल ओतायचं, पाने, पकडी, हातोड्या, जॅकची दांडी, सगळं त्यात भिजत घालायचं, मग ब्रशानं घासून ओळीनं पोत्यावर मांडायचं. वर्षभराचा काळा मळ सुटून रॉकेल चहासारखं व्हायचं. पूजेला जे जातं ते धुऊन जातं. त्या वर्षीही मी सगळं धुतलं. मन लावून धुतलं. दुसऱ्या दिवशी पोत्यावर मांडलेल्या हत्यारांना झेंडू वाहिले, ज्वारीचं कणीस ठेवलं, प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट. निळं पुस्तक आणि माझी वहीसुद्धा पूजेत होती. त्या दिवशी हत्यारही उचलायचं नाही आणि पुस्तकही उघडायचं नाही. अण्णानं घंगाळाच्या चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळ्याच्या पोटात कुंकू भरून तो तिच्यासमोर जमिनीवर आपटला. लाल फोडी अंगणभर उडाल्या. एक फोड उडून वखारीच्या भिंतीवर आपटली आणि खाली ओघळत आली. आई म्हणाली, "भिंत पुसून काढ गं, बरं दिसत न्हाय ते." मी पुसली. डाग राहिला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा कप बसवायला बसला.

"जरा जाड वाटत्यात गं. सरळ शिरंना झाल्यात."

"मुंबईचं सामान हाय. दाबून बसव," आप्पा म्हणाले.

त्यानं दाबून बसवले. गाडी गेली. दहा-बारा दिवस चिठ्ठी आली नाही. अण्णा चहा पिताना हमरस्त्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "सुटलं म्हणायचं." मला आठवतं, त्या दिवसांत हवा फार स्वच्छ होती. दूरचे डोंगर जवळ आल्यासारखे वाटायचे. मला उगीचच भीती वाटायची. कशाची, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

दिवाळीला चार दिवस होते. सकाळी मेजरसाहेब आले. 

"आज घाट उतरल्यावर शाळेची मुलं रस्ता ओलांडत होती," ते म्हणाले. "मी क्लच दाबून थांबलो होतो. ती निघाली. ब्रेक लागला म्हणून बरं." मग ते हळूच म्हणाले, "मी म्हातारा झालोय का रे? खरं सांग."

 अण्णानं त्यांना एसटीत बसवून परत पाठवलं. आप्पा सामान आणायला संकेश्वरला गेले होते. त्यांची वाट बघायची होती. पण इंजिन अजून गरम होतं, आणि हे दुखणं गरम असतानाच दिसायचं. अण्णाला तेवढा वेळ थांबवेना.

"ये गं. बस आत."

गाडीचं तोंड वखारीच्या भिंतीकडे होतं. हँडब्रेक त्या गाडीला नावापुरताच. त्यानं पुढच्या चाकाखाली एक वीट सरकवली. बॉनेट उघडलं. ते काचेच्या बाजूला उचलून उभं राहायचं, त्यामुळे मला समोरचं काही दिसत नव्हतं. भिंत आणि गाडी यांच्यामध्ये उभा राहून तो आत वाकला. पेडल दाबून धरलेलं असताना वरच्या सिलिंडरच्या डबीतलं तेल हलतं का, ते त्याला बघायचं होतं.

"दाब."

"दाबलं."

"गिअर टाक. पयला."

"टाकला."

"धर."

"धरलंय."

इंजिनाचा एकसुरी आवाज. वखारीतून कुणाचं तरी खोकणं. रस्त्यावरून उसाची गाडी गेली असावी, कारण गोड ओला वास आला. माझा डावा पाय पार तळाला होता. मी त्याच्याकडे बघत होते, पायाच्या नखांवर दसऱ्याची मेंदी अजून होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्याचा आवाज आला, इतका आनंदी आवाज मी त्या पावसाळ्यात ऐकला नव्हता.

"सापडलं गं!"

आणि वीट फुटल्याचा आवाज.

पुढचं मला सलग आठवत नाही. वखारीचा पहारेकरी भिंतीवरून वाकून कन्नडमध्ये पाणी, पाणी म्हणून ओरडत होता. इंजिन बंद पडलं होतं. मी अजून गाडीतच होते आणि माझा पाय पेडलवरच होता. हे मला नक्की आठवतं. पण मधल्या क्षणी तो तिथे होता का? "सापडलं" म्हणाला तेव्हा काय सापडलं ते बघायला मी उठले का, मान उंच केली का, टाच जरा हलली का? हे मी इतक्या वेळा आठवून पाहिलं की आता आठवण झिजून गेली आहे. ती हवी तशी वाकते.

गावानं ठरवलं, पोरीचा पाय सुटला. वाईट मनानं नाही. बायका मला जवळ घेऊनच म्हणायच्या, "जाऊ दे गं, पायच त्यो, सुटतोय." आप्पांनी पोलिसांना सांगितलं, हँडब्रेक सुटला. मला त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. विचारलं असतं तर निदान उत्तर द्यावं लागलं असतं.

अण्णाच्या नवव्या दिवशी घरात माणसं भरलेली असताना मी आप्पांना अंगणात पाहिलं. त्या गाडीचं बॉनेट उघडून ते एकटेच काहीतरी खोलत होते. मला वाटलं, त्यांचं डोकं फिरलं. आई म्हणाली, "असू दे. हाताला काम पायजे त्यास्नी." मेजरसाहेबांनी गाडी परत नेली नाही. ती अंगणातच राहिली. ताडपत्री फाटली, सीटमधून गवत आलं, एका पावसाळ्यात कुत्रीनं आत पिल्लं घातली. पुढे कधीतरी भंगारवाला तुकडे करून घेऊन गेला.

आप्पांनी तपकीर सोडली, तीही तेव्हाच. चपटी पत्र्याची डबी मात्र राहिली. पुढच्या खंडेनवमीला ती मला हत्यारांच्या ओळीत दिसली. शेवटी, जॅकच्या दांडीजवळ. तिच्यावर कुंकवाचं बोट होतं. त्यानंतर दरवर्षी असायची. मी समजले, सोडलेल्या व्यसनाची आठवण. आप्पांच्या गोष्टी आप्पांना. माझी वहीही दरवर्षी पूजेत असायची. एकदा चाळताना तिचं एक पान फाडलेलं दिसलं. पुडी बांधायला घेतलं असेल असं वाटलं.

आणखी एक गोष्ट बदलली होती. हत्यारं धुण्याचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. मी पदर खोचून ट्रेकडे गेले की ते म्हणायचे, "तू फुलं लाव." आवाज चढवायचे नाहीत. फक्त ट्रे आपल्याकडे ओढून घ्यायचे. शेवटी शेवटी हात कापायचे, पाना निसटून रॉकेल अंगावर उडायचं, तरी "तू फुलं लाव." मला ते लागायचं. हत्याराला हात लावू देण्याइतकाही आता माझ्यावर भरवसा नाही, असा मी त्याचा अर्थ घेतला होता. इतकी वर्षं घेतला होता.

काल दुपारी मी ट्रे काढला. संकेश्वरची अर्धी बाटली ओतली. पाने टाकले, पकडी टाकल्या. लहानपणी करायची तसंच, हाताला येईल ते उचलायचं आणि टाकायचं. फळीवरची डबी हातात आली. तीही टाकणार होते. पण ती हलकी होती आणि आत काहीतरी मऊ सरकलं, म्हणून झाकण उघडलं.

आत एक लहानसा काळा रबरी कप होता. फुगलेला, वेडावाकडा. त्याची धार एका बाजूनं कुरतडल्यासारखी फाटली होती. तो एका कागदात गुंडाळला होता. कागद पिवळा पडला होता, पण अक्षर वळणदार होतं. माझंच. "करू नये" या रकान्यातलं.

रबरी कपांना रॉकेल किंवा पेट्रोल कधीही लागू देऊ नये. रबर फुगते व निकामी होते. पेडल दाबून धरले तरी तेल मागे सरकते व क्लच आपोआप लागतो.

मी तशीच खाली बसले. ट्रेमधून रॉकेलचा वास येत होता. त्या वर्षी, पूजेच्या आदल्या दुपारी, मुंबईचं पार्सल मीच सोडलं होतं. छोटे छोटे कप मीच पान्यांबरोबर ट्रेमध्ये टाकले होते, आणि नंतर पुसून, कुंकू लावून झेंडूशेजारी मांडले होते. ते वाक्य मला पाठ होतं. मीच लिहिलं होतं. पण ते कामाच्या दिवसाचं वाक्य होतं, आणि ती दुपार पूजेची होती. मला दोन्ही एकत्र आठवलंच नाही. तेव्हाही नाही, नंतर इतक्या वर्षांतही नाही.

आप्पांना नवव्या दिवशी कळलं होतं. माझा पाय सुटला नव्हता, हे जगात त्या एका माणसाला ठाऊक होतं. गावाला ते सांगता आलं असतं. मला सांगता आलं असतं. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न आलाच असता, मग कप कशानं फुगला? त्यांनी वहीतलं पान फाडलं. ट्रे माझ्या हातातून काढून घेतला. "दाबून बसव" हे आपले शब्द त्यांना आठवत असतीलच. ते सगळं एका डबीत घालून त्यांनी झाकण लावलं आणि दरवर्षी त्यावर कुंकवाचं बोट ठेवलं.

आज सकाळी मी पूजा मांडली. पाने, पकडी, हातोड्या, निळं पुस्तक, वही. कप कोरड्या फडक्यानं पुसला, कागदात परत गुंडाळला, डबी शेवटी ठेवली. झेंडू वाहिले. बाहेर रस्त्याच्या कामाची यंत्रं धडधडत होती. वखार कधीच पडली. भिंतीचा एक तुकडा तेवढा उभा आहे, काळा, कुठलाही डाग आता ओळखू येत नाही.

उलट्या टायरवर मी बराच वेळ बसून राहिले. बोटांना रॉकेलचा वास येत होता, साबणानं दोनदा धुतलं तरी. "धर," तो म्हणाला होता. मी धरलं होतं. डावा पाय आत्ताही जमिनीवर घट्ट दाबलेला होता, पोटरी दुखायला लागली होती. मला तो उचलायचा होता.

पण "सोड" म्हणायचं राहूनच गेलं होतं त्याचं.